पोट दुखतंय, सर

शाळेतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला विचारलं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि तेवीसच्या तेवीस पोरांनी हात पुढे केले.

हात वर केले असते तर समजलो असतो. यांनी पुढे केले, तळवे उघडे ठेवून. पहिलीतल्या एका बारक्यानं तर उजव्या तळव्याखाली डावा धरला, काही सांडायला नको म्हणून. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभा. प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलं आधी लाजतील, एकमेकांकडे बघतील, मग हळूहळू बोलती होतील. हात पुढे करतील असं कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

दारात आमचे मुख्याध्यापक उभे होते. शाळा दोन शिक्षकी, त्यामुळे मुख्याध्यापक म्हणजे दुसरे शिक्षक. ते याच डोंगरातले, नोकरीची वीस वर्षं इथंच काढलेली. त्यांनी हात बघितले, मला बघितलं आणि म्हणाले, "सर, केळी आणलीत का?"

"नाही हो. भावना विचारतोय."

"त्यांना वाटलं, तुम्ही काही वाटताय."

आठवड्यातून एकदा खिचडीबरोबर केळं नाहीतर अंडं मिळायचं. 'वाटणं' हा शब्द या पोरांनी ऐकला होता तो तेवढ्यापुरता. मराठी शिकवायला आलेल्या माणसाला एका क्रियापदाचे तीन अर्थ माहीत असतात, पण समोरच्याला कुठला माहीत आहे हे विचारायचं सुचत नाही. दुसऱ्या दिवशी मी मोलगीहून बिस्किटांचे पुडे नेले आणि काही न विचारता वाटले. त्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं असावं.

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्याकडे जमीन अशी सपाट की ज्वारीच्या रानात उभं राहिलं तर पलीकडच्या गावचं देऊळ दिसतं. डी.एड. करून काही वर्षं गेली, मग 2023 ची अभियोग्यता परीक्षा दिली आणि पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना नंदुरबार जिल्हा नकाशात न बघताच टाकला. निवड झाली. शिक्षणसेवक, तीन वर्षं, महिना 16,000 रुपये. धुळ्यामार्गे नंदुरबार, तिथून अक्कलकुवा, मग देवगोई घाट चढणारी जीप. जीपमध्ये किती माणसं होती ते मोजायचा प्रयत्न मी दोनदा सोडून दिला. वर मोलगी आली तेव्हा पाऊस होता आणि बाजार होता. आमचूर, भगर, कोंबड्या, प्लॅस्टिकच्या चपला, आणि मला एक अक्षर न कळणारी बोली. पाऊस ओळखीचा वाटला, बाकी काहीच नाही.

शाळा मोलगीच्या पुढे एका पाड्यावर. दोन खोल्या, पहिली ते चौथी. पाडा म्हणजे आमच्यासारखी चिकटून बसलेली घरं असतील अशी माझी समजूत. इथं एक घर या टेकाडावर, दुसरं समोरच्या उतारावर, मध्ये ओढा. हाक मारली तर ऐकू जातं, जायचं म्हटलं तर अर्धा तास.

मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचं प्रशिक्षण मी मनापासून घेतलं होतं. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मला पाठ होतं: शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळ नाही. राज्यानं 2024 च्या मार्चमध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' काढला होता, म्हणजे दप्तराविना शाळा आणि ताणतणाव, आरोग्य, नातेसंबंध असल्या गोष्टींवर उपक्रम. मला ते सगळं करून बघायचं होतं. कार्डशीटवर मी चार चेहरे काढले, आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, आणि सकाळी आल्यावर प्रत्येकानं आपापल्या चेहऱ्याला बोट लावायचं ठरवलं. पहिल्या मुलीनं हसऱ्याला बोट लावलं. मागच्या बावीस जणांनीही हसऱ्यालाच लावलं. तिसऱ्या दिवशी हसरा चेहरा काळा पडला आणि बाकीचे तिघं कोरे करकरीत राहिले. चौथ्या दिवशी तक्ता ओट्यावर राहिला आणि एका शेळीनं कोपरा खाल्ला. दुःखी चेहरा त्याच कोपऱ्यात होता. हे मी गमतीनं सांगतोय, पण त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं.

मग मी शास्त्राकडे वळलो. रॉबर्ट गुडमन नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं 1997 मध्ये तयार केलेली एक प्रश्नावली आहे, पंचवीस विधानांची. मूल नव्या ठिकाणी बावरतं का, एकटं खेळतं का, वारंवार डोकं किंवा पोट दुखल्याची तक्रार करतं का, इतरांना आपणहून मदत करतं का, असं शिक्षकानं वा पालकानं खुणा करत जायचं. मी मोबाइलवर उतरवून घेतली आणि दोन रात्री कंदिलाएवढ्या उजेडात बसून तेवीस कागद भरले. बेरीज केली. माझ्या हिशेबानं एकोणीस मुलं अडचणीत होती.

एकोणीस! मी हादरलो. मग चोविसावा कागद घेतला आणि स्वतःच्या नावानं भरला. नव्या ठिकाणी बावरतो, होय. समवयस्कांत मिसळत नाही, होय. पोट दुखतं, होय, इथलं पाणी बाधलं होतं. मीही नापास.

कागद मुख्याध्यापकांना दाखवले तेव्हा त्यांनी फक्त एक विधान बघितलं आणि विचारलं, "ही एकटी खेळते असं कुणी सांगितलं?"

"वर्गात कुणाशी बोलत नाही."

"चला." त्यांनी मला शाळेमागं नेलं. मधली सुट्टी होती. माझी 'एकटी' मुलगी जांभळाच्या फांदीवर बसून खालच्या सहा जणांना हुकूम सोडत होती, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडून कुणीतरी उत्तर दिलं. "पोरं गप्प नाहीत, सर. तुमच्यापुढं गप्प आहेत."

त्यांनी मग उभ्याउभ्या मला जिल्ह्याच्या भाषा सांगितल्या. अक्कलकुव्याच्या खालच्या बाजूला देहवाली, नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, नोयरी, आणि एका खोऱ्यातली बोली दुसऱ्या खोऱ्यात जाता जाता वळण घेते. "घरात एक, बाजारात दुसरी, तुमची तिसरी. तिसऱ्या भाषेत तुम्ही विचारताय की आत काय होतंय. तुम्हाला कुणी इंग्रजीत विचारलं तर सांगाल?" मी म्हटलं, इंग्रजीत मी 'फाइन' म्हणतो. "मग? हसरा चेहरा म्हणजे फाइनच की."

मुलाला पहिलं शिक्षण त्याच्या आईच्या भाषेत द्यावं असं युनेस्कोच्या तज्ज्ञांनी 1953 मध्येच लिहून ठेवलंय, तेही मी डी.एड.ला वाचलं होतं. आणि त्यासाठी पॅरिसपर्यंत जायची गरज नव्हती. आमच्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेकाठच्या चिमलखेडीला आणि शेजारच्या धडगाव तालुक्यातल्या निमगव्हाणला, नर्मदा बचाव आंदोलनानं 1990 च्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या. धरणाचं पाणी चढत असताना गावातलीच थोडीफार शिकलेली तरुण मुलं मास्तर झाली आणि पोरांना त्यांच्याच बोलीतून अक्षरं शिकवू लागली. मी त्यांचं नाव ऐकलं होतं ते आंदोलनाच्या बातम्यांत. भाषेचा प्रश्न म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

वही घातली. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला पोरांचा. सुरुवात 'आई'पासून, कारण तो एक शब्द मला माहीत आहे असा माझा समज होता. इथल्या लोकांची देवी याहामोगी, महाशिवरात्रीला तिच्या यात्रेला सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला माणसं लोटतात, आणि त्यातलं 'याहा' म्हणजे आई. मी ऐटीत उच्चारला. वर्ग फुटला. चौथीची पोरं बाकावर डोकं ठेवून हसली, पहिलीची कशाला हसायचं ते न कळता हसली. नेमका कुठला स्वर मी कुठं ताणला ते मला आजही सांगता येणार नाही. पुढचे पंधरा दिवस ती मला रोज नवा शब्द देत आणि मी तो रोज मोडत असे. कुणाच्या चुकीला हसू नये, असा सुविचार मीच फळ्यावर लिहिलेला. तो पुसून टाकला.

त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला एकेक पोर वेगळं दिसायला लागलं. जांभळावरची ती मुलगी तिसरीत होती. वर्गातून दर अर्ध्या तासानं उठून बाहेर जायची, विचारायची नाही. मी तिच्या नावापुढं 'लक्ष नाही, चंचल' असं लिहून ठेवलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी एकदा चुलीपाशीच मला थांबवलं. मराठी मोजकी, पण रोखठोक. "मास्तर, ती पळत नाही. पोर बघती." व्हरांड्याच्या खांबाला लुगड्याची झोळी होती आणि झोळीत तिचा दीड वर्षाचा भाऊ. रोज होता. मी रोज त्या झोळीला वळसा घालून वर्गात जात होतो आणि ती मावशींच्या कुणाची तरी असेल असं समजत होतो.

आई-बाप शेतात, आजी नाही, मग भाऊ घेऊन शाळेत यायचं किंवा शाळेतच यायचं नाही, यातलं तिनं पहिलं निवडलं होतं. मला माझा डी.एड.चा पेपर आठवला. 'विकासवाडी म्हणजे काय?' पाच गुण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, कारण धाकट्याला सोडून थोरली येऊ शकत नव्हती. पोरं गुरांमागं जातात म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली, पोरं असतील तिथं शाळा नेली. साडेचार गुण मिळाले होते मला त्या उत्तराला. आणि इथं प्रश्न झोळीत झोपून होता तरी ओळखू आला नाही.

झोळी वर्गात आणली. एवढंच केलं. मुख्याध्यापक म्हणाले, वरून कुणी आलं तर काय सांगायचं ते बघू. बाळ जागं झालं की पाढे म्हणायचे, झोपलं की गणित करायचं, असं वेळापत्रक आपोआप लागलं. ती मुलगी आता उठत नव्हती. पण हेही सांगायला हवं की ती एकदम हुशार वगैरे झाली नाही. भागाकार तिला तेव्हाही येत नव्हता, पुढंही फार आला नाही.

आता पोटदुखीवाला. तिसरीतला, बारीक, डोळे किंचित पिवळट. त्याची तक्रार एकच, "पोट दुखतंय, सर." कधी पाय, कधी बोटं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, दिवाळीनंतर दिवसाआड.

दिवाळीनंतर काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असणार, मी ऐकलं नव्हतं. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ट्रकात बसून गुजरातेत ऊसतोडीला उतरतात, बारडोली, सुरत त्या बाजूला. एका जोडीचा एक कोयता. काही पोरं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. सुट्टी संपवून मी मंगळवेढ्याहून डबाभर चिवडा घेऊन आलो तर तेवीसपैकी चौदाच. गेलेल्या नऊ जणांपैकी एकालाही मी निरोप दिला नव्हता. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, हे मला माहीत होतं. ट्रक सुटण्याच्या आदल्या दिवशी ते हातात द्यावं लागतं, तेव्हा मी गावी आकाशकंदील लावत होतो.

पोटदुखीवाला मागं राहिलेल्यांत होता. आई, बाप, मोठी बहीण गेली, हा आजीजवळ. मला वाटलं, सापडलं. हे तर पुस्तकातलंच उदाहरण. मूल दुःख बोलू शकत नाही, मग शरीर बोलतं. गुडमनच्या पंचवीस विधानांत ते एक आहेच. मी त्याच्यावर सगळे उपाय केले. शेजारी बसवून चित्रं काढून घेतली. त्यानं ट्रक काढला तेव्हा मला केवढा आनंद झाला, आता सांगायला लाज वाटते. त्याला वर्गाचा मॉनिटर केला. दुखतंय म्हणाला की मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचो, "आईची आठवण येते ना?" तो मान हलवायचा. येत असणारच. कुणाला येणार नाही?

डिसेंबरात डाबच्या बाजूनं थंडी उतरते. पहाटे गवतावर दव गोठतं. अशा एका सकाळी तो शाळेत आला नाही, आजी त्याला पाठुंगळी घेऊन आली. बोटं सुजलेली, ओठ सुकलेले, आणि रडण्याचा आवाज असा की मी तोवर कुठल्या मुलाचा ऐकला नव्हता. मी तरी गुडघे टेकून त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागलो. मावशी चुलीवरून उठून आल्या, बोटं बघितली आणि मला म्हणाल्या, "बोलू नको. गाडी काढ."

मोटारसायकलवर मी, मध्ये तो, मागं आजी. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागली, रक्त घेतलं. प्राथमिक चाचणीत सिकलसेल निघाला, मग पक्क्या तपासणीला नमुना पाठवला, तोही तसाच आला. तरुण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तांबड्या पेशी गोल असतात, याच्या मुडपून विळ्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात. थंडी वाजली, पाणी कमी प्यालं, ताप आला, दमणूक झाली की कळा. पोटात, पायात, बोटांत. आई-बाप दोघांकडून येतो, ते दोघं धडधाकट दिसत असले तरी. भिल्ल, पावरा समाजांत नंदुरबारमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. केंद्रानं 1 जुलै 2023 ला त्याच्यासाठी देशभराची मोहीम काढलीय, 2047 पर्यंत संपवायचं उद्दिष्ट आहे. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी, ऊब.

आजी कागदावरच्या विळ्याकडे बघत होती. ती काहीतरी बोलली, नर्सनं मराठी केलं. "म्हणते, याचा बाप तोच घेऊन गुजरातला गेलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना विचारलं, "म्हणजे मनाचं काही नव्हतं?" माझा आवाज वाद घालणाऱ्यासारखा निघाला असावा. ते म्हणाले, "सर, असं कशाला? पोरगं एकटं आहे ते खरंच आहे. रात्री पाणी द्यायला आई नाही म्हणून कळ जास्त येत असेल. वेगळं कसं काढणार?" आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

चार महिने. चार महिने ते पोर नेमकं काय होतंय ते मला स्वच्छ मराठीत सांगत होतं. बोली आड आली नव्हती. माझ्याकडच्या शहाणपणानं त्याचा अर्थ आधीच लावून ठेवला होता.

त्या आठवड्यात मला झोप येईना. आमच्या खोलीवर नेटवर्क नाही, शाळेच्या वरच्या मोहापाशी दोन दांड्या येतात. वर्गाच्या भिंतीवर मीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: टेलिमानस, 14416, मोफत, चोवीस तास. केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली ही सेवा. पालकांना उपयोग होईल म्हणून लिहिलेलं. एका रात्री ब्लँकेट पांघरून मोहाखाली गेलो आणि लावला. भाषा विचारली, मराठीचा आकडा दाबला. एका बाईंचा आवाज आला, शांत, आमच्याकडच्या बोलण्यासारखाच. नाव सांगायची गरज नाही म्हणाल्या. मग विचारलं, "कसं वाटतंय तुम्हाला?"

माझी मातृभाषा, माझाच प्रश्न, समोर कुणी नाही, घाई नाही. मी गप्प. त्यांनी थांबून पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "पोट बरं नाहीये."

त्या हसल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, "पोटाचं सांगा." मी सांगायला लागलो. पाणी, खिचडी, थंडी, मग तो मुलगा, मग आईशी आठवड्यात दोनदाच बोलणं होतं हे. मध्येच नेटवर्क गेलं. पुन्हा लावता आला असता. पण तोवर बरंच बोलून झालं होतं. माणूस कुठून सुरुवात करतो त्याला फार महत्त्व देऊ नये, एवढं मला त्या झाडाखाली कळलं. दुसऱ्या दिवशी पोटदुखीवाला शाळेत आला तेव्हा मी त्याला आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग विचारलं, "कुठं दुखतंय? किती?" आईचं नाव काढलं नाही. दुपारी त्यानंच काढलं.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. आपल्याकडे निम्हान्सनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत आजारांचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. हा आकडा प्रत्येक प्रशिक्षणात येतो. पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तिसरीतलं पोर तर वयातही बसत नाही. आपल्या वर्गाबद्दल तो आकडा काही सांगत नाही हे समजायला मला एक हिवाळा लागला, नाहीतर मी कागदावर एकोणीस जण काढलेच होते.

जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा निधी सरकारनं थांबवला. पोरांनी दोन आठवडे हात पुढे केले, मग बंद केले. यावर आमच्या कुठल्या उपक्रमात चेहरा नव्हता.

होळीला मोलगीजवळच्या काठीला गेलो. राजवाडी होळी, माणसांचा पूर. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांनी रंगलेले बुध्या, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसं. ते नवसाचे असतात, दिवस पाळलेले असतात, त्यांना उगाच हात लावायचा नाही असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. रात्रभर ढोल, होळी पेटते ती पहाटे. मध्यरात्री मुख्याध्यापक गर्दीत हरवले, म्हणजे मी हरवलो. कुठं वळावं कळेना. कुणीतरी शर्ट ओढला. माझ्या वर्गातला दुसरीतला पोरगा, जो वर्षभरात माझ्याशी सलग चार शब्द बोलला नव्हता. त्याच्याही अंगावर ठिपके होते. त्यानं माझा हात धरला, गर्दीतून असा नेला की मला कुणाचा धक्का लागला नाही, आणि आपल्या माणसांत नेऊन बसवलं. तिथं मला कुणी काही विचारलं नाही. भाकरी दिली. तो बापाच्या मांडीवर झोपून गेला. त्याचे आई-बाप होळीपुरते ऊस सोडून आले होते, दोन दिवसांनी परत जाणार होते. वर्गातला गप्प पोरगा आणि हा, एकच. मी त्याच्याबद्दल जे काही लिहून ठेवलं होतं ते वर्गातल्या मुलाचं होतं.

एप्रिल-मेमध्ये अंगणाअंगणांत आमचूरासाठी कैरीच्या फोडी वाळत पडल्या, आणि ट्रक परत येऊ लागले. नऊपैकी सात पोरं आली. एकाचं कुटुंब तिकडंच राहिलं, दुसऱ्याचं मला अजून नीट कळलेलं नाही.

यंदा जूनमध्ये हजेरीपत्रक नवं घेतलं तेव्हा प्रत्येक नावापुढं मी पेन्सिलीनं एक रकाना आखला. 'रात्री घरी कोण.' रोज नाही, सोमवारी भरतो. पोरं खेळता खेळता सांगतात, मला आता बोलीतलं तेवढं कळतं. आई, बाप, काका. आजी, दोन भाऊ. काकू एकटी. पोटदुखीवाल्याच्या नावापुढं कंसात 'पाणी, स्वेटर' असंही आहे. गेल्या सोमवारी एकानं 'आजी आणि शेळी' सांगितलं, तेही तसंच लिहिलं, कारण त्यानं शेळी गंभीरपणे मोजली होती.

परवा केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले. पटनोंदणी बघितली, झोळीकडे बघितलं, काही बोलले नाहीत. हजेरीपत्रक चाळताना बोट त्या रकान्यावर थांबलं.

"हे कोणत्या नमुन्यात येतं?"

"कोणत्याच नाही, सर."

"आणि पेन्सिलीनं का?"

"बदलतं, सर. दिवाळीनंतर सगळं खोडावं लागतं."

त्यांनी चष्मा वर सारून पुन्हा एकदा पान वाचलं, अगदी खालपर्यंत. मग विचारलं, "ही शेळी कुणाची?"